दोन ठिपके, पाच रेषा: बिंदू शिकवतानाचं एक प्रकरण

दुसरीच्या वर्गाला बिंदूची ओळख करून देताना माझी एक चूक झाली आणि ती एका सात वर्षांच्या मुलीमुळे उघडी पडली. तिने मला चुकीचं ठरवायचा प्रयत्न केला नव्हता. दिलेलं काम तिने मनापासून केलं, एवढंच. पुढे दोन आठवडे वर्गात काय केलं, त्यातलं काय फसलं आणि काय जमलं, ते इथे मांडते आहे. लहान मुलांना भूमिती शिकवणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रसंग कधी ना कधी येतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्या नजरेतून सुटतो, म्हणून हा खटाटोप.

पहिला तास

वर्गात 22 मुलं. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, सरळ रेषा ही नावं त्यांच्या ओळखीची होती, बिंदू हा शब्द मात्र नवा. मी फळ्यावर खडूने एक ठिपका काढला आणि म्हटलं, "हा बिंदू." पुढचा सगळा गोंधळ या दोन शब्दांत होता.

मग प्रत्येकाला एकेक कागद दिला. त्यावर दोन ठिपके होते, एकमेकांपासून 10 सेंटिमीटरवर. छान दिसावेत म्हणून मी ते जाड स्केचपेनने गोल भरून काढले होते, प्रत्येकी साधारण 8 मिलिमीटर रुंद. प्रश्न असा: या दोन बिंदूंतून जाणाऱ्या सरळ रेषा किती काढता येतील? मुलांनी पट्टी लावून पाहावं, दुसरी रेषा निघत नाही हे त्यांच्या हाताला कळावं आणि दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते हा नियम त्यांनी आपणहून म्हणावा, अशी माझी योजना होती.

बहुतेकांनी एक रेषा काढली आणि कागद बाजूला ठेवला. ही मुलगी मात्र रेघा काढतच होती. मी जवळ गेले तेव्हा तिच्या कागदावर पाच रेषा होत्या. एक दोन्ही ठिपक्यांच्या वरच्या कडेजवळून, एक खालच्या कडेजवळून, एक बरोबर मधून आणि दोन तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या. पाचही सरळ. पाचही दोन्ही ठिपक्यांतून जाणाऱ्या.

"पाच झाल्या, बाई," ती म्हणाली. "पेन्सिलीला टोक केलं तर अजून होतील."

मी म्हटलं, "नाही गं, एकच होते. मधली ठेव, बाकीच्या खोड."

तिने खोडल्या. तासाच्या शेवटी मी फळ्यावर नियम लिहिला, तिनेही तो वहीत उतरवला.

रात्री कागद तपासायला घेतले. तिच्या कागदावर खोडलेल्या चार रेषांचे वळ दिसत होते. ते पाहताना लक्षात आलं की खोडायला सांगण्यासारखं तिथे काहीही नव्हतं. 8 मिलिमीटरच्या दोन ठिपक्यांतून अर्ध्या मिलिमीटरच्या रेषा नुसत्या शेजारीशेजारी काढल्या तरी जवळपास सोळा मावतात, तिरक्या वेगळ्याच. टोक बारीक केलं तर आणखी निघतील हेही तिचं बरोबर होतं. मी फळ्यावरचा ठिपका दाखवून "हा बिंदू" म्हटलं होतं. तिने माझा शब्द खरा धरला, कागदावरची वस्तू तपासली आणि अचूक उत्तर दिलं. ज्यांनी एकच रेषा काढून कागद ठेवला, त्यांच्यातल्या कितीजणांनी तपासून पाहिलं होतं आणि कितीजणांनी "जोडा" एवढंच ऐकलं होतं, हे मला सांगता येणार नाही. बरोबर उत्तर पाहून मी त्यांना पुढे काही विचारलंच नव्हतं.

मुलांच्या मनातला बिंदू

दुसऱ्या दिवशी शिकवणं थांबवलं आणि चार-चार मुलांना जवळ बसवून फक्त विचारलं: बिंदू केवढा असतो?

एकाने अंगठा आणि बोट जवळ आणून "एवढा" म्हणून दाखवलं. कुणी म्हणालं पेन्सिलीच्या टोकाएवढा, कुणी मुंगीच्या डोळ्याएवढा. "फळ्यावर मोठा असतो, वहीत लहान असतो," असं एका मुलाने समजावलं, आणि त्याच्या अनुभवाला धरून ते अगदी रास्त होतं. मी विचारलं, अर्धा बिंदू असतो का? तो म्हणाला, "कापला तर होईल."

हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने भूमितीची मांडणी केली, तिची पहिलीच व्याख्या आहे: ज्याला भाग नाहीत तो बिंदू. आमच्या वर्गातला बिंदू कापता येत होता. म्हणजे त्याला बिंदूचं नाव होतं, पण तो बिंदू नव्हता.

मग ती व्याख्याच मुलांना सांगितली तर? मोह होतो, पण उपयोग होत नाही. ज्याला भाग नाहीत म्हणजे काय, हे ज्याला आधीच कळलं आहे त्यालाच ती व्याख्या कळते. खुद्द युक्लिडच्या पुढच्या सिद्धतांमध्येही तिचा आधार घेतलेला दिसत नाही. त्याला लागतं ते वेगळंच: कोणत्याही बिंदूपासून कोणत्याही बिंदूपर्यंत सरळ रेषा काढता येते, हे पहिलं गृहीतक. 1899 मध्ये जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्टने भूमितीचा पाया नव्याने घातला, तेव्हा बिंदूची व्याख्या करणंच त्याने सोडून दिलं. बिंदू, रेषा, प्रतल (सपाट पृष्ठ) यांचे आपसातले संबंध त्याने सांगितले: कोण कोणावर आहे, कोण कोणाच्या मधे आहे. इतक्या मोठ्या माणसांनी जे वाक्य बाजूला ठेवलं ते सात वर्षांच्या मुलांच्या वहीत उतरवून घेण्यात काय हशील?

लहान करत जाण्याचा फसलेला प्रयोग

माझा पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच होता. ठिपका मोठा आहे ही अडचण असेल तर तो लहान करत जाऊ. मुलांनी एकापेक्षा एक बारीक ठिपके काढले. टोक करून काढले, पेन्सिल कागदाला जेमतेम टेकवून काढले. मग मी भिंग दिलं. भिंगाखाली सगळ्यात बारीक ठिपकाही चांगला ऐसपैस निघाला, कडा खडबडीत, मधे कागदाचे तंतू. मुलं हरखून गेली. मला वाटलं, आता त्यांना उमगेल की असा कोणताच ठिपका बिंदू नसतो.

त्यांना उमगलं ते असं: बिंदू इतका लहान असतो की तो बघायला भिंग लागतं.

यात मुलांचा दोष नाही. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी 1948 मध्ये मुलांच्या अवकाशकल्पनेवरचं, म्हणजे जागा आणि आकार यांच्या समजुतीवरचं, आपलं काम प्रसिद्ध केलं. त्यात मुलांना रेषेचे किंवा आकृतीचे तुकडे करत करत शेवटी काय उरेल ते विचारलेलं आहे. लहान मुलं थोड्या पायऱ्यांवर थांबतात, आणि त्यांच्या मते उरलेला तुकडा मूळ आकृतीसारखाच असतो, चौकोनाचा बारका चौकोन. हे तुकडे करणं अखंड चालू राहू शकतं आणि शेवटी आकार नसलेलं काही कल्पावं लागतं, हा विचार साधारण अकरा-बारा वर्षांच्या आसपास येतो. मी सात वर्षांच्या मुलांना नेमक्या त्याच वाटेने न्यायला निघाले होते. ठिपका हजारदा लहान केला तरी तो ठिपकाच राहतो, आणि बारीक ठिपक्यांतूनही, त्याहून बारीक टोकाने, पाच रेषा जातात. लहान करत जाण्याच्या वाटेने बिंदूपर्यंत पोचताच येत नाही, निदान त्या वयात तरी नाही.

दोन दिवस त्यात गेले. भिंगाचा तास मुलांना फार आवडला, त्यामुळे तो फसला हे मान्य करणं मला आणखी जड गेलं.

"केवढा" सोडून "कुठे"

मग प्रश्नच बदलला. बिंदू केवढा हे विचारणं बंद केलं आणि कुठे हे विचारायला लागलो.

खेळ साधा होता. दोघांची जोडी, मधे उभी धरलेली वही. एकाच्या कोऱ्या कागदावर एक खूण, आणि ती नेमकी कुठे आहे हे त्याने नुसतं बोलून जोडीदाराला सांगायचं. जोडीदाराने आपल्या तेवढ्याच कागदावर ती करायची. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे, म्हणजे उजेडात दोन्ही खुणा दिसतात.

सुरुवातीला "मधे", "जरा वर", "अजून थोडं इकडे" असं चाललं आणि खुणा बोटभर लांब पडत होत्या. पट्टी घ्यायची कल्पना दोन जोड्यांना आपणहून सुचली, बाकीच्यांनी त्यांची पाहून उचलली. डाव्या कडेपासून 7 सेंटिमीटर, खालच्या कडेपासून 4. पट्टीच्या टोकापासून मोजायचं की शून्यापासून, याचं एक छोटं भांडण मधे मिटवावं लागलं. कोणतीही एक खूण सांगायला दोन अंतरं लागतात, एक पुरत नाही, हे मी न शिकवता सगळ्यांना कळलं. पुढे आलेखाच्या वेळी याचा उपयोग होईल, म्हणून ते मी टिपून ठेवलं आणि तिथेच सोडलं.

खरी गोष्ट या खेळाच्या चौथ्या दिवशी झाली. पाच रेषावाल्या मुलीची जोडी सारखी 4-5 मिलिमीटरने चुकत होती आणि दोघंही चिडले होते. जोडीदाराचं म्हणणं, खूण 7 सेंटिमीटरवर आहे. तिचं म्हणणं, साडेसात. मी कागद पाहिला. त्यांनी खूण स्केचपेनने केली होती. ठिपक्याची डावी कड 7 वर होती आणि उजवी साडेसातच्याही थोडी पुढे.

"ठिपक्याच्या कुठून मोजायचं?" तिने विचारलं.

हा प्रश्न मी पहिल्या तासाला विचारायला हवा होता. तो तिच्याकडून यावा, आणि तेही तिला गरज पडली म्हणून, याहून चांगलं काही झालं नसतं. मी तो फळ्यावर लिहिला आणि सगळ्या वर्गाला काम थांबवायला सांगितलं. सूचना आल्या: डाव्या कडेपासून, मधून, "दोघांनी आधी ठरवायचं". मग एकजण म्हणाला, ठिपका काढायचाच नाही, फुली मारायची. का? "फुलीला मधलं असतं."

गोल ठिपक्यालाही मध्य असतो, पण तो दिसत नाही. फुलीत दोन रेघा एकमेकींना कापतात आणि कुठे बघायचं ते डोळ्याला आपोआप कळतं. त्या दिवसापासून वर्गात खूण फुलीने व्हायला लागली. ठिपका हे बिंदूचं चित्र नाही, ती बिंदूकडे दाखवणारी खूण आहे, असं वाक्य मी त्यांच्यापुढे ठेवलं नाही. पण त्यांची भाषा आपोआप बदलली. "बिंदू मोठा झाला" ऐवजी "खूण मोठी झाली" असं मुलं म्हणायला लागली. खूण आणि बिंदू यांच्यात फट पडली होती, आणि मला हवी होती ती हीच फट.

खूण नसलेला बिंदू

पुढची पायरी घडीची. कोरा कागद, पेन्सिल वर्ज्य. कागदाला कशीही एक घडी घाला, दाबा, उघडा. आता दुसरी घाला, पहिलीला कापणारी. दोन्ही घड्या जिथे भेटतात तिथे बोट ठेवा.

"इथे काय आहे?"

"बिंदू."

"कुणी काढला?"

वर्ग थोडा वेळ शांत होता. मग एक मुलगा म्हणाला, "कुणी नाही. तिथे काहीच नाही." त्याच्या शेजारचा म्हणाला, "काही नाही, पण जागा आहे."

या एका ओळीसाठी मी ते दोन आठवडे पुन्हा खर्च करेन. घडीच्या रेषेला शाई नसते, त्यामुळे जाडीचा विचार मनात येत नाही. दोन घड्यांचा छेद ही वस्तू वाटत नाही, ते ठिकाण वाटतं. कागदाचे चार कोपरेही तसेच: दोन कडा जिथे संपतात ती जागा. युक्लिडची तिसरी व्याख्या हेच सांगते, रेषेची टोकं म्हणजे बिंदू. पहिल्या व्याख्येपेक्षा ही तिसरी मुलांच्या कितीतरी जवळची आहे, आणि शिकवताना सुरुवात तिथून का करू नये हे मला अजून समजलेलं नाही.

याच तासाला माझ्या योजनेत नसलेलं एक घडलं. एका मुलाच्या दोन घड्या कागदावर भेटतच नव्हत्या. त्या समांतर नव्हत्या, एकमेकींकडे झुकत होत्या, पण भेटायच्या आत कागद संपत होता. तो रडवेला झाला. मी त्याला कागद बाकावर ठेवून पट्टीने दोन्ही घड्या पुढे वाढवायला सांगितलं. त्याने बाकावर पेन्सिलीने दोन्ही रेघा वाढवल्या, त्या भेटल्या, आणि तो ओरडला, "माझा बिंदू बाकावर आहे!" मग आपला बिंदूही कागदाबाहेर जावा असं सगळ्यांनाच वाटायला लागलं. बाकं पुसण्यात मधली सुट्टी गेली.

पुन्हा तोच प्रश्न

दहाव्या दिवशी पहिल्या तासाचा प्रश्न परत घेतला, वेगळ्या साहित्याने. जाड पुठ्ठ्यावर दोन टाचण्या आणि एक दोरा. दोरा सैल असला की तो वाटेल तसा पडतो. दोन्ही टाचण्यांमधे ताणला की एकच सरळ वाट उरते. मग कागदावर दोन फुल्या आणि पट्टी: फुलीच्या नेमक्या छेदातून जाणाऱ्या रेषा किती?

ती मुलगी बराच वेळ पट्टी इकडेतिकडे सरकवत होती. "एकच," ती म्हणाली. आणि लगेच, "मग माझ्या त्या पाच चुकल्या होत्या का?"

मी तिचा जुना कागद जपून ठेवला होता. तो काढला, खोडलेल्या चारही रेषा तिच्यासमोर पेन्सिलीने पुन्हा गडद केल्या आणि सगळ्या वर्गाला दाखवला. सांगितलं की या पाचही रेषा बरोबर आहेत. ठिपक्यांतून पाच जातात, पन्नासही जातील. मी ठिपक्याला बिंदू म्हटलं, ती माझी चूक होती, आणि बरोबर असलेलं काम हिला खोडायला लावलं, ती त्याहून मोठी चूक होती. ती काही बोलली नाही. कागद तिने मागून घेतला आणि वहीत चिकटवला.

यानंतर तीन बिंदू, चार बिंदू झाले. तीन बिंदू एका रेषेत नसतील तर जोडणाऱ्या तीन रेषा, चार बिंदूंच्या सहा, पाचांच्या दहा. पाचाचं उत्तर अकरा येणाऱ्यांना फुल्या नीट नसल्याचं आपणहून सापडत होतं. तीन बिंदू एकाच रेषेत घेतले तर त्रिकोण होत नाही, यावर दोन मुलं खूप वेळ झटापट करत बसली. एकरेषीय हा शब्द मी त्या दिवशी दिला, कारण त्यांना त्याची गरज होती.

जे सुटलं नाही

दोन गोष्टी तशाच राहिल्या.

पहिली नावाची. बिंदूला अ, ब, क अशी अक्षरं दिली की काही मुलं अक्षरालाच बिंदू समजतात आणि रेषा अक्षरापासून अक्षरापर्यंत ओढतात. अक्षर मुद्दाम कधी फुलीच्या वर, कधी बाजूला लिहिलं, तेव्हा हे कमी झालं. पूर्ण गेलं नाही.

दुसरी जास्त खोल आहे. त्रिकोण दाखवून विचारलं की याच्यावर किती बिंदू आहेत, तर जवळपास सगळे म्हणतात, तीन. बाजूवर बोट ठेवून "इथे बिंदू आहे का?" विचारलं, तर एकाने ठामपणे सांगितलं, "नाही. केलाच नाही तिथे." जिथे खूण किंवा कोपरा आहे तिथे बिंदू, बाकी रेषा रिकामी. रेषेवर कुठेही बोट ठेवा तिथे बिंदू आहे, आणि कोणत्याही दोन बिंदूंच्या मधे आणखी एक आहे, हे मी त्यांच्यापुढे ठेवलं नाही. त्यासाठी न संपणाऱ्या क्रियेचा विचार लागतो. भिंगाच्या तासाने ती वाट अजून बंद आहे हे मला पुरेसं दाखवलं होतं.

हे एकाच वर्गाचं निरीक्षण आहे, तुलनेला दुसरा वर्ग नव्हता. घडीने आणि फुलीने शिकलेली मुलं चार वर्षांनी भूमितीत पुढे असतील असा दावा मी करत नाही. ठिपक्यापासून सुरुवात मात्र मी पुन्हा करणार नाही.

शेवटच्या दिवशी ती मुलगी घडीचा कागद घेऊन आली. तिला प्रश्न पडला होता: दोन रेषा भेटतात तिथे एकच बिंदू असतो, की या रेषेचा एक आणि त्या रेषेचा एक, एकावर एक ठेवलेले? मी म्हटलं, तुला काय वाटतं? तिने टाचणी घेतली, घड्यांच्या छेदावर टोचली आणि कागद खिडकीकडे धरला.

"भोक एकच आहे," ती म्हणाली. मग कागद डोळ्यांजवळ आणून बराच वेळ बघत राहिली. "पण भोक मोठं झालं, बाई. बिंदू त्याच्या आत कुठेतरी आहे."